ऑफिसातलं वायरचं नेट बंद पडलं तर: नवख्यांसाठी पायरीपायरीने

पाच-दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसात आयटीचा माणूस पगारावर नसतो. ज्याला प्रिंटरचा कागद काढता येतो, तोच हळूहळू 'कॉम्प्युटरचं बघणारा' होतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. डोळ्यासमोर धरलंय एखाद्या कर सल्लागाराचं किंवा ट्रेडिंग फर्मचं ऑफिस. बाहेरून फायबर आलेली आहे, एक डबा भिंतीवर (हाच राउटर), त्यातून एक वायर १६ पोर्टच्या, म्हणजे केबल खोचायच्या १६ भोकांच्या, साध्या स्विचमध्ये, आणि स्विचमधून प्रत्येक टेबलाला एकेक केबल. एका मशीनवर टॅलीचा डेटा, कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक प्रिंटर. आणि नेट जाणार तेही बहुधा २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशीच.

अशा वेळी जो तो काहीतरी उपटतो. एक जण राउटर बंद करतो, दुसरा केबल बदलतो, तिसरा विंडोज रीस्टार्ट करतो. नेट परत आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही, आणि चार दिवसांनी तेच पुन्हा. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला नाही तर ती होती तशी करायची आणि मगच पुढची. तपासायचंही खालून वर: आधी वायर, मग स्विच, मग पत्ता (जाळ्यात मशीनला मिळणारा आयपी नंबर), सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. माझ्या अनुभवात छोट्या ऑफिसांतले निम्म्याहून जास्त बिघाड टेबलाखालच्या केबलपाशीच संपतात.

पायरी १: हात लावण्याआधी विचारा

'नेट गेलं' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार असतात. कुणाचं काय चालू आहे आणि काय बंद, ते आधी विचारा.

एकाच मशीनचं सगळं बंद आणि बाकीच्यांचं सुरळीत असेल, तर दोष त्या मशीनपासून स्विचच्या त्या एका पोर्टपर्यंतच्या टप्प्यात आहे. राउटरला हात लावायचं काहीच कारण नाही. सगळ्यांच्या वेबसाइट बंद, पण टॅली उघडतंय आणि प्रिंट निघतेय, तर ऑफिसातलं जाळं धडधाकट आहे, गडबड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. टॅलीही नाही, प्रिंटही नाही, कुणालाच काही नाही, तर थेट स्विचकडे जा.

दुसरा प्रश्न, कालपासून काय बदललं? टेबल सरकवलं, इलेक्ट्रिशियन येऊन गेला, सीसीटीव्हीचा नवा कॅमेरा लागला, रविवारी साफसफाई झाली. 'काहीच नाही' हे उत्तर पहिल्यांदा मिळतंच. पुन्हा विचारा.

लॅपटॉप असेल तर तपासणी होईपर्यंत त्याचं वायफाय बंद ठेवा. नाहीतर वायर तुटलेली असली तरी वेबसाइट वायफायवरून उघडत राहते आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाता.

पायरी २: दिवे बघा

कॉम्प्युटरच्या मागे केबल जिथे शिरते तिथे दोन बारीक दिवे असतात. स्विचवरही प्रत्येक पोर्टला दिवा असतो. रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे रंगात अडकू नका. दिवा लागलाय का, आणि तो मधूनमधून लुकलुकतोय का, एवढंच बघा. लागलेला दिवा सांगतो की दोन्ही टोकांची ओळख पटली आहे. लुकलुकणं म्हणजे डेटाची ये-जा सुरू आहे.

दिवाच नसेल तर जॅक काढून परत बसवा. 'टक्' असा आवाज यायला हवा. जॅकवरची प्लास्टिकची क्लिप तुटली असेल तर तो पोर्टमध्ये बसल्यासारखा दिसतो, पण खुर्ची हलली की सुटतो. सेलोटेप लावून हे महिनोन्‌महिने चालवणारी ऑफिसं आहेत. लावू नका, जॅक बदला.

तरी दिवा नाही? मग अदलाबदल करा. शेजारच्या चालू मशीनची पॅच कॉर्ड, म्हणजे मशीन आणि भिंतीतला पॉइंट यांच्यामधली छोटी केबल, काढून इथे लावा. दिवा लागला तर जुनी कॉर्ड गेली आहे. नाही लागला, तर स्विचच्या बाजूला त्या टेबलाची केबल दुसऱ्या, चालू असलेल्या पोर्टमध्ये लावून बघा. लागला तर स्विचचा पोर्ट मेला. तरीही नाही, तर एखादा लॅपटॉप आणून त्याच कॉर्डला लावा. लॅपटॉपवर चाललं तर बिघाड मशीनच्या नेटवर्क कार्डात (आत केबल जिथे जोडली जाते तो भाग), नाही चाललं तर भिंतीतल्या केबलमध्ये. पाच मिनिटांत एवढं कळतं, आणि एकही कमांड लागत नाही.

कार्डाला दोष देण्याआधी विंडोजमध्ये डोकवा. विंडोजचं बटण आणि 'आर' दाबा, आणि आलेल्या चौकटीत 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाइप करा. (इथून पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थात इंग्रजीतूनच करायच्या.) इथरनेटच्या, म्हणजे वायरच्या जोडणीच्या, चित्राखाली 'डिसेबल्ड' असेल तर राइट क्लिक करून 'एनेबल' करा. 'नेटवर्क केबल अनप्लग्ड' असेल तर विंडोज तुम्हाला पायरी २ पुन्हा करायला सांगतंय. इथरनेटचं चित्रच नसेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उडालाय किंवा कार्ड गेलंय.

वळवाच्या पावसात वीज कडाडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी दोन-तीन मशीनचे पोर्ट एकदम मेलेले सापडतात, विशेषतः जिथे केबल गच्चीवरून शेजारच्या इमारतीत नेलेली असते. बाहेरून जाणाऱ्या अशा केबलला तांब्याऐवजी फायबर टाकणं हाच खरा इलाज. पोर्ट गेलेल्या मशीनसाठी मदरबोर्ड बदलायची गरज नसते. यूएसबीला लावायचं लॅनचं (ऑफिसातल्या वायरच्या जाळ्याचं) अडॅप्टर मिळतं, त्यावर भागतं.

पायरी ३: केबलची खरी तपासणी

दिवा लागतोय, तरी नेट रडतखडत चालतंय, मोठी फाइल कॉपी करायला युग लागतंय. अशा वेळी पायरी २ मधल्या 'एनसीपीए डॉट सीपीएल'च्या खिडकीत इथरनेटवर डबल क्लिक करा आणि 'स्पीड' वाचा. तिथे १.० जीबीपीएस हवं. १०० एमबीपीएस दिसत असेल तर आधी स्विच बघा. तो जुना १०/१०० चा असेल तर त्याची धावच तेवढी आहे. स्विच आणि मशीनचं कार्ड दोन्ही गिगाबिट (१.० जीबीपीएसचे) असूनही १०० दिसत असेल तर बहुधा केबलमध्ये खोट आहे.

कारण सोपं आहे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, त्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर येतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की बहुतेक कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. काही कार्डं मात्र अडून बसतात, दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो.

जॅक हातात घ्या. क्लिप तुमच्या विरुद्ध बाजूला, सोनेरी पिना वर आणि तुमच्याकडे तोंड करून. डावीकडून रंग असे दिसायला हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आपल्याकडे हीच 'बी' पद्धत जास्त चालते. 'ए' पद्धतीत नारिंगी आणि हिरव्याची अदलाबदल असते. दोन्ही चालतात, ऑफिसभर एकच ठेवा म्हणजे झालं.

हिरवी जोडी ३ आणि ६ वर फाकलेली असते आणि तिच्या मधे निळी बसते. घोळ नेमका इथेच होतो. नवशिक्या माणसाला नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी असं ओळीने लावणं स्वाभाविक वाटतं. दोन्ही टोकांना त्याने तेच केलं, तर केबल टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागतात आणि टेस्टर म्हणतो सगळं ठीक. पण ३ आणि ६ वर आता एकमेकींना पीळ न दिलेल्या तारा आल्या. पीळ असतो तो एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरू नये म्हणून. तो गेला की दोन मीटरच्या केबलवर चालतं आणि वीस मीटरवर लटपटतं. बाजारात मिळणारा स्वस्तातला टेस्टर फक्त तार जोडलेली आहे की नाही एवढंच बघतो. त्यामुळे टेस्टर हो म्हणाला तरी जॅकमधले रंग डोळ्यांनी वाचायचे.

जॅक नव्याने बसवताना दोन गोष्टी सांभाळा. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. आणि केबलचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे क्रिंप केल्यावर (जॅक पक्कडीने दाबल्यावर) पकड आवरणावर बसते. नुसत्या बारीक तारांवर लोंबणारा जॅक महिनाभरात सुटतो.

केबल विकत घेताना 'सीसीए' असं छापलंय का बघा. ती वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. स्वस्त मिळते, दोन-चारदा वाकवली की आत तुटते. घासाघीस करायचीच असेल तर स्विचच्या किमतीत करा, भिंतीत जाणारी केबल शुद्ध तांब्याचीच टाका. भिंत फोडायची मजुरी केबलपेक्षा महाग पडते.

बाकीचे शत्रू ओळखीचे आहेत. खुर्चीची चाकं, दारात चिरडलेली केबल, फॉल्स सीलिंगमधले उंदीर, २३० व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच केसिंग पट्टीत कोंबलेली लॅन केबल. तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर आहे, पण एवढ्या लांबीचं ऑफिस सहसा छोटं म्हणवत नाही.

पायरी ४: स्विच

सगळ्यांचंच सगळं बंद असेल तर स्विचचे दिवे बघा. एकही नसेल तर आधी एक्स्टेंशन बोर्डचं बटण. हसू नका, झाडू मारताना ते बंद होतंच. बटण चालू आणि तरी अंधार, तर स्विचचा अडॅप्टर गेला असेल. नवा आणताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. लोडशेडिंगच्या गावांत अडॅप्टर स्विचच्या आधी मरतो. अर्धमेला अडॅप्टर तर आणखी छळतो, स्विच दर थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन चालू होतो आणि दोष इंटरनेटवाल्यावर जातो.

दिवे चालू पण काम ठप्प असेल तर स्विचची वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, परत द्या.

आता एक खास प्रकार. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, वेड्यासारखे, न थांबता लुकलुकतायत, आणि कुणाचंच काही चालत नाहीये. वीज काढून दिली की क्षणभर बरं वाटतं, पुन्हा तेच. हा लूप आहे. कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली आहेत, किंवा दोन स्विचमध्ये दोन केबली जोडल्या आहेत. बहुधा टेबलाखाली सुटं लोंबणारं टोक बघून कुणा नीटनेटक्या माणसाने ते जवळच्या रिकाम्या भोकात लावून टाकलेलं असतं. सगळ्यांना उद्देशून निघालेला एक संदेश मग त्या वर्तुळात फिरत राहतो, त्याच्या प्रती होत राहतात आणि जाळं तुंबतं. महागडे स्विच हे ओळखून तो रस्ता स्वतः बंद करतात, साध्या स्विचना सहसा ती अक्कल नसते.

शोधायचं कसं? स्विचमधून एकेक केबल काढत जा आणि प्रत्येक वेळी दिव्यांकडे बघा. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती गुन्हेगार. तिच्या मागे मागे जा. टेबलाखाली ठेवलेल्या पाच पोर्टच्या छोट्या स्विचांकडे आधी जा, लूप तिथेच राहतो.

पायरी ५: पत्ता मिळालाय का

वायर ठीक, दिवा ठीक, तरी मशीन अडलंय. आता कमांड प्रॉम्प्ट उघडा (विंडोज आणि 'आर', मग 'सीएमडी') आणि 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. 'आयपीव्ही४ अॅड्रेस' आणि 'डिफॉल्ट गेटवे' (म्हणजे राउटरचा पत्ता) या दोन ओळी वाचा. हेच शेजारच्या चालू मशीनवर करा आणि दोन्ही उत्तरं जोडीने ठेवा. अशी तुलना हातात असली की पुस्तकी ज्ञान फारसं लागत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. एकाच मशीनवर असं असेल तर पायरी २ आणि ३ पुन्हा करा. सगळ्यांवर असेल तर राउटर किंवा राउटरपासून स्विचपर्यंतची ती एक केबल. ती सगळे विसरतात. नंतर 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज' आणि 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू' या दोन कमांडनी पत्ता नव्याने मागता येतो. स्लॅशच्या आधी एक स्पेस द्यायची.

शेजाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि याचा १९२.१६८.० ने, असं दिसलं तर ऑफिसात दुसरा कुणीतरी पत्ते वाटतोय. मीटिंग रूममध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल खोचलेली असते. तोही राउटरच, तो आपले पत्ते वाटायला बसतो, आणि ज्या मशीनला त्याचं उत्तर आधी मिळतं ते बाहेर जाऊ शकत नाही. आज एकाचं बंद, उद्या दुसऱ्याचं, असा लपंडाव चालला असेल तर संशय इथेच घ्या. 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' मध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' (पत्ते वाटणारा) ही ओळ पत्ता देणाऱ्या यंत्राचा आयपी दाखवते. तो राउटर ठेवायचाच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा आणि त्याला मुख्य राउटरहून वेगळा, पण त्याच जाळ्यातला पत्ता द्या.

'आयपी अॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा निरोप आला तर दोन यंत्रांना एकच पत्ता आहे. त्यातलं एक बहुतेक वेळा प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर असतो, ज्याला बसवणाऱ्याने हाताने पत्ता दिलेला असतो.

पायरी ६: पिंग

पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक मारून 'ओ' येते का बघणं. तीन हाका, याच क्रमाने.

पहिली गेटवेला. समजा तो १९२.१६८.१.१ आहे, तर 'पिंग', स्पेस, आणि तो आकडा. वायरवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर बिघाड ऑफिसातच आहे, मागच्या पायऱ्यांवर जा.

दुसरी ८.८.८.८ ला. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता, इंटरनेट आहे की नाही ते बघायला सोयीचा. गेटवे बोलतोय आणि हा नाही, तर राउटरच्या पलीकडची भानगड.

तिसरी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. ८.८.८.८ बोलतोय पण नाव सापडत नाही, तर डीएनएस अडलाय, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' करून बघा. नाही जमलं तर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लावा.

शेजारच्या विंडोज मशीनला पिंग करून उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका. तिचा फायरवॉल (बाहेरचा शिरकाव अडवणारं सॉफ्टवेअर) पिंगला दाद देत नसेल. राउटर मात्र बहुधा उत्तर देतोच.

मधूनच जाणाऱ्या नेटसाठी 'पिंग १९२.१६८.१.१ डॅश टी' लावून खिडकी कोपऱ्यात चालू ठेवा (डॅशच्या आधी स्पेस). आता टेबलाखालची केबल हलवा, खुर्ची मागेपुढे करा. हलवली की उत्तरं तुटत असतील तर चोर सापडला. थांबवायला कंट्रोल आणि 'सी'.

पायरी ७: राउटर आणि बाहेरची लाइन

फायबरच्या डब्यावर 'एलओएस' असा दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरून उजेडच येत नाहीये. फायबर तुटली आहे, किंवा भिंतीपाशी कुणीतरी ती तारेसारखी काटकोनात वाकवली आहे. वाकवली असेल तर सैल गोल करा. तुटली असेल तर कंपनीला फोन करा आणि 'एलओएस लाल आहे' हेच वाक्य सांगा, त्याने चौकशीची दहा मिनिटं वाचतात.

दिवे ठीक असतील तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं द्या. बंद-चालू म्हणजे वीज काढणं. मागच्या बारीक भोकातलं रीसेट टाचणीने दाबायचं नाही. त्याने राउटरमधलं सगळं पुसलं जातं. बऱ्याच कनेक्शनांत कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेलं असतं, तेही जातं. मग किरकोळ बिघाडाचा दिवसभराचा खोळंबा होतो.

पायरी ८: नेट आहे, पण टॅली किंवा प्रिंटर दिसत नाही

ज्या मशीनवर डेटा आहे ती झोपली नाहीये ना, ते बघा. पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कायमचं बंद ठेवा. मग सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते बघा. राउटर बदलल्यावर विंडोजला ते नवं जाळं वाटतं, ते त्याला पब्लिक ठरवतं आणि शेअर केलेले फोल्डर लपवतं. प्रायव्हेट केलं की सहसा काम होतं.

प्रिंटरचं गाऱ्हाणं वेगळं. वीज जाऊन आली की राउटर त्याला कधीकधी नवा पत्ता देतो आणि सगळी मशीन जुन्या पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतात. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे प्रिंटरचा मॅक अॅड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) देऊन पत्ता कायमचा करून टाका.

टेक्निशियनला बोलवायची वेळ

भिंतीतली केबल तुटली असेल, स्विचचे तीन-चार पोर्ट एकदम गेले असतील, किंवा विजेनंतर बरंच काही एकत्र बंद असेल तर माणूस बोलवा. फोनवर 'नेट चालत नाही' म्हणू नका. 'तिसऱ्या टेबलाचा पॉइंट, कॉर्ड आणि स्विचचा पोर्ट बदलून बघितला, लॅपटॉप लावूनही दिवा येत नाही' असं सांगा. तो येताना केबलचा ड्रम आणि पंचिंग टूल घेऊन येईल, दुसरी फेरी वाचेल.

तो आला की तीन कामं त्याच भेटीत उरका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावून घ्या. कोणता नंबर कोणत्या टेबलाचा ते कागदावर लिहून स्विचशेजारी चिकटवा. आणि चालू असल्याची खात्री केलेल्या दोन पॅच कॉर्ड आणि स्विचचा एक जादा अडॅप्टर ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. ड्रॉवरला कुलूप असेल तर बरं, नाहीतर कॉर्ड कुणीतरी घरी नेतो.